भिंतीची भेग घेऊन पीएचडीला जाताना

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. काळी माती, पराटी म्हणजे कपाशी, आणि तूर. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर्षा-दोन वर्षांत घराच्या भिंतीलाही. आजी विचारायची, "वावराले पडते ते समजलं, भितीले भेग कायले पडते?" त्याच प्रश्नावर मी संगणकीय यांत्रिकीत, म्हणजे वस्तू कशा हलतात-फाटतात ते संगणकावर गणितानं सोडवण्याच्या शास्त्रात, पीएचडी करते आहे. गावाकडची पोरं-पोरी विचारतात, तिथवर जायचं कसं. त्यांच्यासाठी हे.

संस्था नंतर शोधा, आधी प्रश्न शोधा. "मला एआयमध्ये संशोधन करायचं आहे" अशा पत्राला कोणी प्राध्यापक काय उत्तर देणार? मी एका प्राध्यापकांना लिहिलं होतं ते असं: काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं, त्यामुळे ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पाया सगळीकडे सारखा हलत नाही, म्हणून भिंत फाटते. मातीत पाणी कसं मुरतं ते सांगणारं रिचर्ड्सचं समीकरण १९३१ सालचं. ते फायनाइट एलिमेंट पद्धतीनं, म्हणजे मातीचे लहान लहान तुकडे कल्पून, सोडवून पायाची हालचाल आधी सांगता येईल का? सोबत पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम जोडला, मातीच्या एकाच उभ्या थरापुरता. तो साधाच होता, पण माझा होता. त्याआधी त्या प्राध्यापकांचे दोन शोधनिबंध वहीत उतरवून समजून घेतले होते. गणित कच्चं असेल तर एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. जुने पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर वाचता येतात. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या प्राध्यापकांना लिहा.

अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठीची गेट ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होते, तिचे गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांमध्ये प्रवेशाची जाहिरात बहुधा वर्षातून दोनदा निघते, ती नीट वाचा.

पैशांची काळजी घरच्यांना असते, त्यांना आकडा सांगा. केंद्राच्या जेआरएफचा, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अधिछात्रवृत्तीचा, दर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्र, झाल्यावर ४२,०००. शिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. महाज्योतीचं कार्यालय नागपुरातच आहे.

दाखल्याकडे दुर्लक्ष करू नका. माझा पहिला अर्ज त्यावरच बाद झाला. ओबीसी आरक्षणासाठी मी राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र जोडलं होतं, हवं होतं केंद्राच्या नमुन्यातलं. सेतूमध्ये अर्ज देतानाच "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट सांगा, आणि दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा का ते जाहिरातीत बघून घ्या. एक वर्ष गेलं माझं, तुमचं जाऊ नये.

मुलाखतीत मोठं काही विचारत नाहीत, खोल विचारतात. मला फळ्यावर मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य काढायला लावलं आणि मग वीस मिनिटं, "पण याचा अर्थ काय?" पाठ केलेलं तिथे संपतं. येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि जिथवर कळतं तिथवर बोला.

मुलाखत ऑनलाइन असेल आणि गावात लाइट-रेंजचा भरवसा नसेल, तर आदल्या दिवशीच तालुक्याला किंवा यवतमाळला नातेवाइकांकडे मुक्कामाला जा, आणि दार बंद होणारी एक खोली मागून घ्या.