जुना मिरांडा कॅमेरा घेण्यापूर्वी

पुण्यातील मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारताना, पितळी समया आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या पसाऱ्यात, कधीमधी एखादा फिल्म कॅमेरा हाती लागतो. त्यावर ‘मिरांडा’ असे नाव असल्यास भाव करण्याआधी तो नेमका कोणी बनवला हे ताडून पाहावे, कारण या नावाचे दोन वेगवेगळे इतिहास आहेत.

मूळ मिरांडा ही जपानमधील छोटी कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिरा ओगिहारा यांनी ती ओरायन या नावाने सुरू केली आणि इतरांच्या कॅमेऱ्यांसाठी जोडसाधने बनवता बनवता १९५५ मध्ये तिने ‘मिरांडा टी’ बाजारात आणला. पेंटाप्रिझम (डोळ्याला दृश्य सरळ दाखवणारा डोक्यावरचा काचेचा भाग) असलेला हा पहिला जपानी ३५ मिमी एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा, होय. या बाबतीत तिने पेंटॅक्स या जपानी स्पर्धकालाही दोन वर्षांनी मागे टाकले. लेन्स मात्र ती बाहेरून घेत असे. १९७६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि पुढे १९८० च्या दशकात डिक्सन्स या ब्रिटिश दुकानसाखळीने तेच नाव कोसिनासारख्या उत्पादकांनी बनवलेल्या कॅमेऱ्यांवर छापले. हे कॅमेरे वाईट नव्हेत, पण ‘दुर्मीळ जपानी मिरांडा’ म्हणून त्यांचे पैसे मोजू नयेत.

ओळख पटवायची ती हाताने. जुन्या मिरांडाच्या बहुतेक मॉडेलांत शटरचे बटण वर नसून पुढच्या बाजूस असते आणि डोक्यावरचा प्रिझम सरकवून काढता येतो. तो काढण्यास विक्रेत्याची परवानगी घ्यावी व आतील चंदेरी थराला डाग पडले आहेत का हे पाहावे. व्ह्यूफाइंडरमधील काळे पट्टे बहुधा तेथूनच येतात. त्यानंतर मागचे झाकण उघडून, लेन्स उतरवून, कॅमेरा उजेडाकडे धरावा व एक सेकंदापासून सर्वांत जलद वेगापर्यंत सर्व वेगांवर शटर सोडून पाहावे. कापडी पडद्याला सुईएवढे भोक असले, तरी छायाचित्रात पांढरा ठिपका उमटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे असतात, तेही याच वेळी तपासावेत.

‘सेन्सोरेक्स’ (१९६६) हे मिरांडाचे मॉडेल मिळाल्यास त्याच्या मीटरवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेवर, फार भरवसा ठेवू नये. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनला असून आज मिळणाऱ्या १.५ व्होल्टच्या सेलवर चुकीचे माप दाखवतो. मोबाइलवरील लाइट मीटर ॲप अधिक सोयीचे.

लेन्ससाठीच मिरांडा घ्यायचा असेल, तर एक आकडा ध्यानात ठेवावा. त्याच्या माउंटपासून (लेन्स जोडण्याच्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचे अंतर अवघे ४१.५ मिमी आहे, निकॉनचे ४६.५ मिमी. त्यामुळे अडॅप्टर लावून निकॉनची लेन्स मिरांडावर चालते, पण मिरांडाची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआरवर) बसवली तर दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर ही अडचण येत नाही.