पहिला नकाशा करताना: जीआयएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या तंत्रात, नवीन होतो तेव्हा नकाशा जितका भरगच्च तितका चांगला, अशी माझी समजूत होती. एका आरोग्य सर्वेक्षणासाठी केलेल्या पहिल्या नकाशात मी रस्ते, नद्या, समोच्च रेषा, दवाखाने, शाळा, सगळ्या हद्दी आणि खाली उपग्रहाचं चित्र असं हाताशी होतं ते सगळं घातलं. एकूण अकरा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले माहितीचे थर. ज्या अधिकारी बाईंसाठी तो केला होता, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढंच सांगा, फिरतं पथक आधी कुठे पाठवू?” उत्तर नकाशातच होतं, पण मलाही त्यावर पटकन बोट ठेवता येईना.

तेव्हापासून सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी कागदावर एक वाक्य लिहितो: हा नकाशा बघून कोण काय ठरवणार आहे? त्या वाक्याच्या उपयोगाचा नसलेला लेयर बंद करायचा. पथकाला गाडीने जायचं असेल तर रस्ते हवेत, पण फिक्या करड्या रंगात. समोच्च रेषा नकोत. मेहनतीने मिळवलेली माहिती काढून टाकताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही काढा.

त्याच नकाशात याहून मोठी चूक होती. मी रुग्णांच्या नुसत्या संख्येवर जिल्हे रंगवले होते. समजा, एका जिल्ह्यात 24 लाख लोक आणि 1,200 रुग्ण आहेत. दुसऱ्यात 2 लाख लोक आणि 300 रुग्ण. संख्येने रंगवलं तर पहिला जिल्हा गडद दिसतो. दर लाखामागे मोजलं तर पहिल्यात 50 आणि दुसऱ्यात 150, म्हणजे आजाराचा जोर तिप्पट आहे तो फिक्या दिसणाऱ्या जिल्ह्यात. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यानुसार प्रदेश रंगवलेल्या नकाशात, नेहमी दर, टक्केवारी किंवा घनता दाखवा. संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरा.

दर काढला म्हणजे काम झालं असंही नाही. आकड्यांचे गट कसे पाडता यावर नकाशाचा चेहरामोहरा ठरतो. बारा जिल्हे घ्या: अकरांचे दर 10 ते 38 मध्ये आणि एकाचा 200. समान अंतराचे चार गट केले तर अकराही जिल्हे एकाच रंगात जातात आणि मधले दोन गट रिकामे राहतात. प्रत्येक गटात तीन-तीन जिल्हे घातले तर 38 आणि 200 यांना सारखाच गडद रंग मिळू शकतो. जेंक्स या नकाशातज्ज्ञाची नैसर्गिक गट पाडण्याची पद्धत आकड्यांमधली फट शोधते. बहुतेकदा मी तिथून सुरुवात करतो. पण दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींना एकच गट लावावे लागतात, नाहीतर तुलनाच खोटी ठरते. आधी आकड्यांचा स्तंभालेख बघा आणि मगच गट ठरवा. सॉफ्टवेअर आपणहून देतं ते गट मी कधीच तसेच ठेवत नाही.

रंगांबाबत माझं मत ठाम आहे: कमी-जास्त दाखवायला एकाच रंगाच्या फिक्यापासून गडद छटा घ्याव्यात. इंद्रधनुष्यातला हिरवा पिवळ्यापेक्षा जास्त की कमी, हे डोळ्याला कळत नाही. मध्ये अर्थपूर्ण बिंदू असेल, उदाहरणार्थ घट आणि वाढ, तर दोन टोकांना दोन रंग ठेवा. लाल-हिरवी जोडी टाळा. कित्येकांना, त्यातही पुरुषांना, ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’ या वेबसाइटवर तपासलेल्या छटा मिळतात आणि क्यूजीआयएस या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये त्या आधीच असतात. त्याच क्यूजीआयएसमध्ये नकाशा रंगांधळेपणा असणाऱ्याला किंवा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर कसा दिसेल, हेही पडद्यावर बघता येतं. ही दोन मिनिटं वाचवू नका.

प्रोजेक्शनला, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीला, नवीन माणूस घाबरतो, आणि मीही घाबरायचो. एकदा विहिरींभोवती 500 मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा पट्टा, काढायला गेलो आणि सगळा पडदा एका रंगाने भरून गेला. लेयर अक्षांश-रेखांशात होता, म्हणजे सॉफ्टवेअरने 500 अंश धरले होते. मग मी लेयरच्या निर्देशांक प्रणालीचं, म्हणजे जागा कोणत्या आकड्यांत मोजायच्या त्या पद्धतीचं, नुसतं नाव बदलून टाकलं, आणि विहिरी भलतीकडेच गेल्या. लेयरला नुसतं नवं नाव चिकटवणं वेगळं आणि नवीन प्रोजेक्शनमध्ये त्याचं रूपांतर करणं वेगळं. मोजमापासाठी रूपांतरच लागतं.

1569 मध्ये मर्केटर या नकाशाकाराने केलेलं प्रोजेक्शन दर्यावर्दींसाठी होतं, दिशा अचूक राहावी म्हणून. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे 14 पट मोठी आहे. वेबवरचे बहुतेक पायाभूत नकाशे त्याच घराण्यातले आहेत. मोठा प्रदेश रंगवायचा असेल तर समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या, म्हणजे प्रदेशांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण खरं राहतं.

लेबलांना मात्र वेळ द्या, कारण नकाशा कच्चा वाटतो तो बहुधा तिथेच. सगळी नावं लिहू नका. नद्यांची नावं तिरक्या अक्षरांत, प्रवाहाच्या वळणाने जाणारी ठेवा. अक्षरांभोवती पांढरी कडा अगदी बारीक ठेवा. सूचीत ‘पॉप_11_फायनल’ असं लेयरचं नाव राहू देऊ नका. प्रमाण आकड्यात देण्यापेक्षा पट्टीने दाखवा. नकाशा लहान करून छापला तर 1:50,000 खोटं ठरतं, पट्टी मात्र त्याच्याबरोबर आकसते. आणि पडद्यावर समाधान मानू नका. छापून भिंतीला लावा आणि चार पावलं मागे जाऊन बघा.

सरावासाठी जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचा कॉलऱ्याचा नकाशा घ्या. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात साथ आली होती. ती ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपातून पसरते, असं स्नोचं म्हणणं होतं, आणि त्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला. नकाशा त्यानंतर आला, म्हणजे त्याचं काम लोकांना पटवून देण्याचं होतं. त्यात रस्ते, पंप आणि घराघरापुढे मृत्यूंच्या काळ्या आडव्या रेघा, एवढंच आहे. ही माहिती आज जीआयएस स्वरूपात मोफत मिळते. ती उतरवून घ्या आणि फक्त काळा, करडा आणि आणखी एक रंग वापरून तो नकाशा पुन्हा करा. मग या विषयातलं काहीच माहीत नसलेल्या कुणापुढे ठेवा आणि विचारा, कोणता पंप? त्याचं बोट किती वेळाने आणि कुठे पडतं ते बघा.