बिनझिलईची भांडी एकाच भाजणीत: भट्टी लावण्याआधीची तयारी

झिलई न देता कच्चे भांडे एकदाच भाजून स्टोनवेअर (जास्त उष्णतेला भाजलेले घट्ट, टणक भांडे) करायचे असेल, तर तयारी मातीपासूनच धरावी. कोल्हापुरातल्या मडक्यांची लोहयुक्त माती १,२०० अंशांना फुगते आणि बसते. तिचा एखादा गोळाही स्टोनवेअरच्या मातीत मिसळू देऊ नये.

खरी परीक्षा वाळवणीची असते. इथल्या पावसाळ्यात भांडे वरून कोरडे दिसते, पण बुडाशी ओल धरून राहते, म्हणून जाळीच्या फळीवर उपडे ठेवून ते आठवडा-दोन आठवडे वाळवावे आणि रचण्याआधी प्रत्येकाचे बूड गालाला लावून पाहावे. गार लागले तर ते भांडे त्या खेपेला वगळावे. एका जुलैत मी हा सोपस्कार टाळला, तेव्हा एका बरणीचे बूड कपच्या होऊन उडाले आणि शेजारच्या तीन वाट्यांत जाऊन बसले.

भांडी चिकटू नयेत म्हणून भट्टीतल्या फळ्यांना अ‍ॅल्युमिना (उष्णतेला न वितळणारी पांढरी पूड) व केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. झिलई नसल्याने भांडी एकमेकांना टेकली तरी बहुधा चालते, मात्र एकात एक ठेवलेल्या वाट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनाची पूड भुरभुरावी. माती दहा-बारा टक्के आकसते, त्यामुळे झाकण बरणीवर ठेवूनच भाजावे. वेगळे भाजलेले झाकण नीट बसेल याचा भरवसा नसतो. सहा क्रमांकाचा कोन, म्हणजे उष्णता ओळखण्यासाठी भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, साधारण १,२२० अंशांना वाकतो. तो भट्टीच्या झरोक्यातून दिसेल असा उभा करावा.

भाजणीचे वेळापत्रक आधीच कागदावर लिहून भट्टीशेजारी टांगावे. झरोक्यापाशी धरलेल्या काचेवर वाफ धरेनाशी होईपर्यंत १०० अंशांच्या आत राहावे, मग ते रात्रभर का लागेना. ५७३ अंशांच्या आसपास मातीतले क्वार्ट्झ (वाळूत असते ते खनिज) एकाएकी प्रसरण पावते, तिथे घाई करू नये. ७०० ते ९०० अंशांमध्ये हवा खेळती ठेवून सावकाश चढावे, कारण आधीची कच्ची भाजणी झालेली नसल्याने मातीतला कार्बन इथेच जळून जायला हवा. तो आत अडकला तर पुढे भांड्याला फोड येतात. गॅसची भट्टी असेल तर जादा सिलिंडर आणून ठेवावा, कारण सलग जळताना सिलिंडर गार पडून दाब उतरतो.

भट्टी उघडल्यानंतरच्या कामासाठी ओला पॉलिश पेपर आणि जुनी वर्तमानपत्रे काढून ठेवावीत. बुडे घासून झाल्यावर प्रत्येक बरणी पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवावी. सकाळी कागदावर ओलीचे वर्तुळ दिसले, तर ती बरणी लोणच्यासाठी कोणाला देऊ नये.