पहिली एकट्याची एल्क शिकार: कोलोरॅडोच्या डोंगरात जाण्याआधी

एल्क, म्हणजे हरणाच्या कुळातलं हे मोठं जनावर, कुठे सापडेल हा प्रश्न नंतरचा. एकट्याने जाणाऱ्याने आधी वाहून आणण्याचा हिशेब करावा. पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० किलोचा असतो. हाडं काढली तरी ९० ते १०० किलो मांस उरतं. पाठीवर एका वेळी २५ किलो धरले तर चार खेपा, शिंगं आणि सामानाची पाचवी. म्हणजे पाचदा भरलेल्या सॅकने गाडीकडे आणि चारदा रिकाम्या सॅकने परत. जनावर गाडीपासून ३ किमीवर पडलं तर २७ किमी चाल, ५ किमीवर पडलं तर ४५. म्हणून पहिल्या वर्षी नकाशावर गाडीभोवती ३ किमीचं वर्तुळ आखा. मध्ये खोल दरी असेल तर त्याहून लहान. वर्तुळाबाहेरचा नर कितीही देखणा असो, तो दुर्बिणीतूनच पाहायचा.

कागदपत्रं हिवाळ्यातच उरका. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन प्रमाणपत्र लागतं. टॅगच्या (एका जनावराच्या शिकारीची परवाना-चिठ्ठी) सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. तेव्हा परवाना आधी, रायफल नंतर, आणि मधे एकदा वकिलाचा सल्ला. रायफल हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे.

सराव किमान बारा आठवडे. सॅकमध्ये १० किलोपासून सुरुवात करून २५ पर्यंत जा, आणि उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. ओझं घेऊन उतरताना मांड्या आणि गुडघे आधी बोलतात, पण जिन्यावर चढून लिफ्टने खाली येणाऱ्याला ते डोंगरातच कळतं. नेमबाजीही धापा टाकतच करायची: शंभर मीटर पळा, बसा, सॅकवर रायफल टेकवा आणि २० सेंमीच्या थाळीवर पाच गोळ्या झाडा. पाचही जिथून लागतात, तेच तुमचं अंतर.

डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे आणि तुमचा तंबू त्याच्या दुप्पट, ३००० मीटरच्या वर असणार. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच. गनिसनसारख्या २३०० मीटरवरच्या गावात दोन रात्री काढा, मगच वर चढा. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलला रेंज नसतानाही संदेश पाठवणारं यंत्र) छातीच्या पट्ट्याला अडकवा. सॅकमध्ये ठेवलात आणि घसरताना सॅक दरीत गेली, तर तो कुणाच्या कामाचा?

वारा मात्र रोज नव्याने वाचावा लागतो. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की ती वर वळते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या बाजूने जा. ऊन उतारावर पडतं तो अर्धा-पाऊण तास सर्वांत फसवा, हवा गोल फिरते आणि तुमचा वास सगळीकडे जातो. तेवढा वेळ बसून राहा. बिनवासाच्या पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून पाहा.

जनावर पडल्यावर आधी टॅग, मग सुरी. पोट न फोडता एका बाजूचं कातडं सोला. मागचा पाय, पुढचा पाय, पाठीचा लांब पट्टा आणि मानेचं मांस काढा, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. आतल्या दोन बारीक पट्ट्या शेवटी. एका भागाला लिंगाचा पुरावा (जनावर नर की मादी हे दाखवणारा अवयव) नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, हा नियम घाईत हमखास विसरला जातो. मांस आधी नासतं ते खुब्याच्या हाडालगत, कारण तिथली ऊब लवकर निघत नाही. त्यामुळे मागचे पाय आधी मोकळे करून हाडापर्यंत चीर द्या. सुती पिशव्यांत भरून, आतड्यांपासून शंभर मीटर दूर, सावलीत फांदीला टांगा. पहिल्या खेपेत मागच्या पायांचं मांस न्या. काही पिशव्या रात्रभर राहिल्याच, तर सकाळी झाडापाशी जाण्याआधी दोनशे मीटरवरून दुर्बीण लावा आणि मोठ्याने बोलत जा. अस्वलाला तोवर पत्ता लागलेला असू शकतो.