ड्राइव्हला ०–१० व्होल्ट देणारा डॅक

वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला, म्हणजे ड्राइव्हला, मायक्रोकंट्रोलरवरून ०–१० व्होल्टमध्ये वेग सांगणारे सर्किट मी बसवले होते, आणि त्याच पुरवठ्यावरचा रिले चालू झाला की ५० हर्ट्झवर फिरणारी मोटर ४८ वर येत असे. दोन दिवस मी प्रोग्रॅम उलगडत बसलो. वापरलेली एमसीपी ४७२५ ही डॅक चिप (मायक्रोकंट्रोलरने पाठवलेल्या आकड्याचे व्होल्टेज करणारी) स्वतःचा पुरवठाच संदर्भ व्होल्टेज मानते, त्यामुळे ५ व्होल्टचे ४.८ झाले की आउटपुटही ४ टक्क्यांनी उतरते, हे माहितीपत्रकात लिहिलेले होतेच.

अशा कामासाठी संदर्भाची वेगळी पिन असलेली, १२ बिटची एमसीपी ४९२१ ही डॅक चिप घ्यावी. तिच्या पिन ६ ला ४.०९६ व्होल्टचा एलएम ४०४० (स्थिर संदर्भ व्होल्टेज देणारा भाग) जोडून त्याला ५ व्होल्टवरून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून करंट द्यावा. एकूण ४०९६ टप्पे असल्याने प्रत्येक टप्पा बरोबर १ मिलिव्होल्टचा होतो. पिन १ आणि ७ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर चिपला खेटून लावावा, पिन ५ ग्राउंड करावी आणि एसपीआयवरून (मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यातील डेटाच्या तारांवरून) १६ बिट पाठवताना वरचे चार बिट ००११ ठेवावेत.

ड्राइव्हला १० व्होल्ट लागतात, म्हणून पुढे २४ व्होल्टवर चालणारा एलएम ३५८ हा ऑप-अँप (व्होल्टेज वाढवणारी चिप) नॉन-इन्व्हर्टिंग, म्हणजे चिन्ह न उलटवणाऱ्या, पद्धतीने जोडावा. फीडबॅकला १५ किलोओहम आणि ग्राउंडकडे १० किलोओहम घेतल्यास गेन (व्होल्टेज किती पट होते ते) २.५ होतो आणि ४००० हा आकडा पाठवला की १० व्होल्ट मिळतात. (गेन नेमका २.४४ करण्यासाठी विचित्र किमतीचे रेझिस्टर शोधत बसू नये.) वीज आल्यावर पहिला आदेश मिळेपर्यंत एमसीपी ४९२१चे आउटपुट जवळजवळ सुटे असते, तेवढ्या वेळात मोटरने उसळी मारू नये म्हणून तिच्या आउटपुटच्या पिन ८ वरून ग्राउंडला १० किलोओहम अवश्य लावावा. लांब केबल असल्यास ऑप-अँपनंतर १०० ओहम जोडावा, मात्र फीडबॅक त्याच्या आधीच घ्यावा. ड्राइव्हचा अ‍ॅनालॉग कॉमन आपल्या ग्राउंडला जोडावा, आणि केबलची शील्ड एकाच टोकाला.

ड्राइव्ह जोडण्यापूर्वी २००० पाठवून मल्टिमीटरवर ५ व्होल्ट येतात का ते पाहावे आणि मीटर तसाच लावून ठेवून रिले आठ-दहा वेळा चालू-बंद करून आकडा हलत नाही ना ते पाहावे.