गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? आधी गॅस भरू नका

एसी गार होईनासा झाला की दहातले नऊ जण एकच निदान करतात: ‘गॅस संपला असेल, भरून घे.’ गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद पाइपांतून तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी होजमधून थोडा झिरपतो, तेवढंच. एका उन्हाळ्यात कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि कमी झालेलाच नसेल तर वरून भरून तुम्ही कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, मारणार आहात.

हवा मुळातच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा.

आता इंजिन आणि एसी चालू करून बॉनेट उघडा. बाह्या आवरा, पंखा न सांगता सुरू होतो. कॉम्प्रेसरची पुली बेल्टवर कायम फिरतच असते, तिच्यावर भुलू नका. तिच्या पुढची चकती ‘टक्’ करून पुलीला चिकटली आणि सोबत फिरू लागली पाहिजे. चिकटत नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारी डबी) काढून तिथे लावून बघा. क्लचच्या, म्हणजे ही चकती ओढणाऱ्या चुंबकाच्या, वायरवर १२ व्होल्ट येऊनही चकती ढिम्म असेल तर क्लच गेला. व्होल्टेजच येत नसेल तर गॅस अगदी कमी होऊन प्रेशर स्विचने वाट अडवलेली असू शकते. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की कोमट? कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा बंद आहे, नाहीतर जाळी चिखलाने बुजली आहे. हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पाती आडवी होतात.

कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप हाताला गारेगार लागतोय, त्यावर घाम आलाय, तरी आत हवा गरमच? मग गॅसचा काही संबंध नाही. डॅशबोर्डच्या आतली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकली आहे. तापमानाचं बटण फिरवताना आतून टकटक आली तर तिच्या मोटरचे दाते तुटलेत.

इथवर काही सापडलं नाही तरच गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं घड्याळ, आणि लोक हमखास इथेच चुकतात. मीही चुकलो. माझ्याकडे एकच घड्याळ असलेला गॅसचा डबा होता, फक्त लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, लागणारा. काटा १५ पीएसआयवर (दाबाचं एकक) होता. मी म्हटलं, गॅस कमी. अख्खा डबा रिकामा केला, काटा जेमतेम हलला. दुसरा लावला तर कॉम्प्रेसर चालू-बंद, चालू-बंद. दुसऱ्या दिवशी दोन घड्याळांचा गेज मागून आणला, निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या, म्हणजे हाय साइडचं: लाल काटा ३५० च्या पुढे! गॅस आधी पुरेसा होता. एक्सपान्शन व्हॉल्व्ह (दाबलेला गॅस थोडाथोडा आत सोडणारी बारीक झडप) तुंबला होता आणि मी त्याच्या मागे गॅस कोंबत होतो. एका घड्याळाचे ते डबे मला तेव्हापासून डोळ्यांसमोर नकोत.

म्हणून दोन्ही काटे एकत्र वाचा, आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच. बंद असताना दोन्ही बाजू सारख्या होतात. ३० अंशांच्या हवेत आर-१३४ए हा एसीचा गॅस साधारण ९५ पीएसआय दाखवतो. त्यावरून गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. चालू असताना त्याच हवेत निळा साधारण ३० ते ४५ आणि लाल २०० ते २५० असावा. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी. दोन्ही वर म्हणजे पंखा, बुजलेला कंडेन्सर, जास्त भरलेला गॅस किंवा आत शिरलेली हवा. निळा वर आणि लाल खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. निळा शून्याकडे निघाला की व्हॉल्व्ह नाहीतर पुढे कुठेतरी अडथळा. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस असेल तर गेज ठेवून द्या. तो पेट घेऊ शकतो, त्याचे जोड वेगळे असतात, ते काम मशीनवाल्याचं. आणि डबा हाय साइडला कधीही जोडू नका, फुटतो.

गळती शोधायची तर तेलकट डाग शोधा. गॅससोबत तेलही बाहेर पडतं, त्यामुळे गळत्या जोडावर धूळ चिकटून काळी चिकट कड तयार होते. भरायच्या तोंडाच्या व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावायला विसरू नका, टोपण हरवलेलं असेल तर आधी तिथेच. जोड उघडण्याआधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्या. हवेत सोडू नका. वातावरण तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. नवी ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) एसीच्याच तेलात बुडवून बसवा.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपांतली हवा ओढून काढणं, निदान अर्धा तास. पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबा. काटा परत येऊ लागला तर गळती अजून आहे, गॅस भरण्यात अर्थ नाही. भरताना स्टिकरवरचा आकडा ग्रॅममध्ये वजनकाट्यावर तोला. ज्या गाडीत ४५० ग्रॅमच मावतो, तिथे ‘अंदाजे’ ५० ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी गारवा बिघडतो.

शेवटी मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचा, आतली हवा फिरवायचं बटण दाबा आणि दहा मिनिटं थांबा. ५ ते १० अंश दिसले तर बॉनेट लावा.