तुरीच्या रानात लांडोरीची अंडी सापडली तर

कोळपणी करताना किंवा बांधावरचं गवत कापताना पायाजवळून एकदम फडफडाट होतो, मोठा तपकिरी पक्षी पळत-उडत जातो आणि खाली चार-पाच अंडी दिसतात. जून ते सप्टेंबर या काळात सोलापूर, मोहोळ, बार्शीकडच्या तूर, उडीद, सोयाबीनच्या रानात हे कधीही घडू शकतं. अंड्यांना हात लावू नका. पंधरा-वीस पावलं मागं या आणि औत दुसऱ्या कडेला न्या.

अंडी लांडोरीचीच आहेत का, हे लांबूनही कळतं. ती फिकट पिवळसर, चकचकीत, बिनठिपक्यांची आणि साधारण ७ सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा ठळक मोठी. टिटवीच्या अंड्यांवर काळे-तपकिरी डाग असतात, तित्तिराची अंडी बरीच लहान असतात. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा आणि त्यात थोडा पाचोळा, एवढंच.

सगळ्यात मोठी चूक इथं होते. दोन दिवस पाहिलं, लांडोर दिसली नाही, मग "टाकून गेली" म्हणून अंडी उचलली जातात. लांडोर सहसा एक दिवसाआड एक अंडं घालते, ४ ते ६ अंडी पुरी व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि तोवर ती उबवायला बसतच नाही. बसली की सगळ्या अंड्यांची वाढ एकदमच सुरू होते. म्हणून पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर येतात आणि आईच्या मागं एकत्र चालू शकतात. मोकळं दिसणारं घरटं बहुतेक वेळा असं अर्धवट असतं. बसल्यानंतरही ती चरायला थोडा वेळ उठतेच.

मोर आसपास आहे का, हे शोधण्यात वेळ घालवू नका. तो अनेक लांडोरींशी जुगतो. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे एकट्या लांडोरीचं काम.

उबवण २८ दिवसांची. २० जुलैला लांडोर बसलेली दिसली तर फार तर १७ ऑगस्टपर्यंत कळ काढायची. नुसती अंडी दिसली असतील तर वर दहा-बारा दिवस धरा. तेवढ्या काळात घरट्याभोवती चारही बाजूंनी ४-५ मीटर जागा सोडा. खूण घरट्याला खेटून नको, सोडलेल्या जागेच्या कडेला काठ्या रोवा. त्या तुकड्यातलं तण राहू द्या. हे आवर्जून सांगायचं कारण असं, की रान स्वच्छ करायच्या भरात आडोसा खुरपला जातो, मग अंडी उन्हात तापून आतला जीव मरतो किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात. रोज पाहायलाही जाऊ नका. माणसाच्या मळलेल्या वाटेनं कुत्री आणि मुंगूस येतात. कुत्री वस्तीवर बांधून ठेवा.

उसात घरटं असेल तर त्या सरीचं पाणी आधी तोडा. पाटानं सोडलेलं पाणी घरट्यात शिरलं की अंडी गार पडतात. फवारणी करायचीच असेल तर वारं पाहा. पावसाळ्यात ते बहुधा पश्चिमेकडून येतं, त्यामुळं फवारा पूर्वेकडं वाहतो. घरटं पूर्वेला असेल तर मधल्या पाच-सहा ओळी फवाऱ्याविना ठेवा. पहिले काही आठवडे पिल्लं मुख्यतः किड्यांवर वाढतात, विषारी किडे खाल्ले की तीही जातात.

अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायचा सल्ला गावोगाव मिळतो. तो मानू नका. कोंबडीच्या पोटातल्या कृमींमधून पिल्लांना 'ब्लॅकहेड' नावाचा आतड्याचा आणि यकृताचा रोग होतो. कोंबडी तो बऱ्याचदा पचवते, मोराची पिल्लं दगावतात. शिवाय कोंबडीमागं वाढलेलं पिल्लू माणसाला बुजत नाही, रानात ते टिकत नाही. कायदाही स्पष्ट आहे: १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असलेला मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि अंडी उचलणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. लांडोर मेलेली सापडली किंवा घरटं औताखाली मोडलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि तोवर अंडी आहेत तिथंच राहू द्या.

पिल्लं फुटली की एक-दोन दिवसांत घरटं सोडतात. आई चोचीत किडा धरून समोर करते, पिल्लू तिच्या चोचीतूनच तो उचलतं. पंखांची पिसं लवकर फुटतात, एक-दोन आठवड्यांत ती खालच्या फांदीवर चढून आईशेजारी रात्र काढतात. त्याआधीचे दिवस जोखमीचे. कठडा नसलेल्या विहिरीभोवती काट्यांची कुपाटी लावा. पाणी ठेवायचं तर दोन बोटं खोल पसरट भांड्यात, मधे दगड टाकून.

मग रब्बी ज्वारीची पेरणी येते. तेव्हा ही पिल्लं महिना-दोन महिन्यांची असतात आणि दाणे टिपायला शिकलेली असतात. औषध चोळलेलं बी पाभर वळते त्या कोपऱ्यावर हमखास सांडतं. पेरणी संपल्यावर चारही कोपरे फिरा, उघडं बी मातीआड करा आणि औषधाच्या रिकाम्या पिशव्या रानात सोडू नका.